ईएसआयसीच्या बेकारी भत्त्याबद्दल कामगाराला कुणी सांगतच नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एक लेख आला होता, की फुकटच्या योजनांमुळं लोक आळशी झाले, कामाला माणूस मिळेना वगैरे. लिहिणाऱ्या साहेबांना कधी तीन महिने घरी बसायची वेळ आलेली नसणार एवढं नक्की. माझ्यावर आलीय म्हणून लिहितोय, जमलं तर छापा.

मी ४४ वर्षांचा, आयटीआय टर्नर, नाशिकला सातपूर भागात राहतो. नऊ वर्षं एकाच कंपनीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन) चालवली, शॉप तोच, मशीन तीच, फक्त ठेकेदार तीन बदलले. कागदावर मी कंपनीचा कधीच नव्हतो. सलग २४० दिवस भरून कायम नोकरीचा हक्क मागता येऊ नये म्हणून सात महिने झाले की ब्रेक द्यायचे आणि पंधरा दिवसांनी परत फोन करून बोलवायचे, आम्हालाही त्याची सवय झालेली, ब्रेकमध्ये गावाकडं जाऊन यायचो. ह्यावेळी ब्रेक दिला तो दिलाच. फोन आलाच नाही. ठेकेदाराला लावला तर म्हणतो ऑर्डर कमी आहे, बघू.

पहिला महिना पीएफ काढण्याच्या नादात गेला. ठेकेदारानं नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नव्हती, त्यामुळं क्लेम पुढं सरकेना. शेवटचा पीएफ भरून दोन महिने झाले की ती तारीख आपली आपल्याला ऑनलाईन टाकता येते हे मला नंतर कळलं, तोवर ठेकेदाराच्या ऑफिसला किती चकरा मारल्या त्याची मोजदाद नाही.

आता योजनांचं बोलू. बायकोला लाडकी बहीणचे १५०० येतात, खोटं कशाला बोलू, ह्या तीन महिन्यांत दर महिन्याला घरात येणारे ठरलेले पैसे म्हणजे तेवढेच. पोरीच्या क्लासची फी त्यातून जाते. त्याच्या ई-केवायसीला नवऱ्याचाही आधार लागला, ओटीपी माझ्या मोबाईलवर येणार, आणि माझा रिचार्ज संपून बारा दिवस झालेले. इनकमिंग पण बंद. बायकोनं डाळीच्या डब्यातून पैसे काढून दिले, मी रिचार्ज मारला, मग तिचं केवायसी झालं. तिनं एक शब्द बोलून नाही दाखवला, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रेशनचं विचाराल तर कार्ड केसरी आहे पण धान्य मिळणाऱ्या प्राधान्य यादीत नाव नाही. शहरात त्याची मर्यादा वर्षाला ५९,००० उत्पन्न. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही, शहरात खोलीभाडंच तेवढं होतं! मला १६,५०० पगार होता त्यामुळं मी श्रीमंत. आज काहीच येत नाही, पण दाखला निघतो तो मागच्या वर्षाच्या उत्पन्नाचा, त्यामुळं कागदावर मी अजून श्रीमंतच आहे. सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पोरांना सहा, आठ, दहा हजार विद्यावेतन देतात, चांगलंच आहे, पण ते ३५ वर्षांपर्यंतच. चाळिशीनंतर नोकरी गेलेल्या माणसासाठी काय आहे हे मला कुणीही सांगू शकलं नाही, ना नगरसेवकाचा माणूस, ना सेतूवाला.

आणि हे सगळं शोधत असताना जे खरोखर माझं होतं ते मला माहीतच नव्हतं. आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्यात गेलो होतो, रांगेत पुढं एक सिक्युरिटीवाले काका होते. गप्पा निघाल्या तर म्हणाले अरे तू बेकारी भत्त्याचा अर्ज टाकला का? मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच आहे. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ पासून चालू आहे. ईएसआयचा विमा काढून किमान दोन वर्षं झालेली पाहिजेत, ठरलेले दिवस भरलेले पाहिजेत, मग नोकरी गेल्यावर तीस दिवसांनी अर्ज करता येतो आणि सरासरी पगाराच्या निम्मे पैसे ९० दिवसांपर्यंत मिळतात, आयुष्यात एकदाच. माझ्या पगारानं २४-२५ हजार होतात. नऊ वर्षं स्लिपवर ईएसआय कपात बघतोय, शेवटी शेवटी महिन्याला १२४ रुपये जायचे, पण त्यात हे पण येतं असं ना ठेकेदार बोलला ना एचआर. लाडकी बहीणचे बॅनर चौकाचौकात होते, ह्याचं एक पोस्टर मी कंपनीच्या गेटवर कधी पाहिलं नाही.

त्यात अजून एक भानगड. दर ठेकेदारानं माझा नवीन विमा नंबर काढलेला. तीन ठेकेदार, तीन नंबर, आणि शेवटच्या नंबरवर फक्त एक वर्ष चार महिने. म्हणजे नऊ वर्षं पैसे भरूनही कॉम्प्युटरवर माझी दोन वर्षंसुद्धा होत नाहीत. काऊंटरवरच्या मॅडम भल्या होत्या, त्यांनीच ते शोधून काढलं आणि नंबर जोडायचा अर्ज लिहून घेतला. जुन्या स्लिपा आणा म्हणाल्या. माझ्याकडं होत्या, कारण बायको कागद टाकत नाही. ज्यांच्याकडं नसतील त्यांनी काय करायचं?

माझ्या वडलांनी ७२ च्या दुष्काळात सिन्नर तालुक्यात खडी फोडली, तिथं सुकडी मिळायची ती अजून सांगतात. त्यातूनच पुढं १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, महाराष्ट्रानं आधी केला आणि देशानं नंतर. वडलांना कुणी फुकटा म्हटलं नाही. गावात निदान काम मागायचा कायदा होता, शहरातल्या कामगाराला तोही नाही, म्हणून मी सकाळी मजूर अड्ड्यावर पण उभा राहून आलो. सेंट्रिंगवाल्यानं माझे हात बघितले, चष्मा बघितला आणि शेजारच्या पोराला घेऊन गेला.

तर लेख लिहिणाऱ्या साहेबांना सांगा, माणूस मिळत नसेल तर मी आहे, टर्निंग, सेटिंग, ड्रॉईंग वाचणं सगळं येतं. आणि तुम्ही एक करा साहेब, ह्या भत्त्याची माहिती एका चौकटीत छापा, एमआयडीसीत पेपर चहाच्या टपरीवर दहा जण वाचतात.

माझ्याबरोबर अकरा जण कमी केले. आठ जणांना फोन करून मी हे सांगितलं. तिघांचे फोन लागत नाहीत, बहुतेक रिचार्ज नसेल. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर घरी या, स्लिपा घेऊन या.

आपला,
एक वाचक, सातपूर, नाशिक