झेंडा बांधणाऱ्या शिपाईमामांस

तीर्थरूप मामा,
सा. न. वि. वि.

शाळेच्या पंधरा ऑगस्टला आभारप्रदर्शन लांबलचक होतं. प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक, लेझीम पथक, खाऊ देणारे दाते, माईकवाला, सगळे येतात त्यात. झेंडा बांधणारा येत नाही. दोरी पाहुण्यांच्या हातात असते, म्हणून टाळ्याही त्यांनाच. गावोगावच्या शाळांतल्या तुम्हा सगळ्या मामांचे आभार मानायचे राहून गेले आहेत, ते या पत्रातून मानतो.

आभार पहिल्यांदा सुरगाठीचे. घडी केलेल्या झेंड्याला दोरीचे दोन-तीन वेढे द्यायचे आणि खालच्या दोरीचाच दुमडलेला पदर शेवटच्या वेढ्याखाली खोचायचा. खालून हिसका बसला की पदर निसटतो, वेढे उलगडतात, झेंडा मोकळा. पण पदराऐवजी दोरीचं टोकच आरपार ओवलं की तिचीच निरगाठ होते, आणि जितकं ओढावं तितकी ती आवळत जाते. मग शे-दोनशे मुलं सावधानमध्ये उभी, पेटीवाल्या बाई सूर धरून बसलेल्या, आणि वर एक गाठोडं. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. गाठ अडली तर त्याच्या आधीची शांतता त्याहून मोठी वाटते.

बिघडायला इतरही वाटा आहेत. वर चढवताना खालची दोरी ताणली गेली तर झेंडा अर्ध्यातच सुटतो, म्हणून एका हाताने ओढायचं आणि दुसऱ्या हाताने ती दोरी सैल सोडत जायचं. पाहुण्यांनी भलतीच दोरी ओढली तर झेंडा उघडत नाही, झेंड्याच्या दोरीची वरची लाकडी गुल्ली मात्र कप्पीत जाऊन अडकते. दोन्ही दोऱ्या दिसायला सारख्याच. म्हणून योग्य दोरी तुम्ही स्वतः त्यांच्या हातात देता आणि हळूच सांगता, ‘साहेब, एकच झटका.’ भीत भीत चार वेळा ओढणारे साहेब सगळ्यात धोक्याचे.

आणि उलटा झेंडा! घडी झाल्यावर केशरी कुठे, हिरवा कुठे, काही दिसत नाही. झेंड्याच्या पट्टीतून ओवलेल्या दोरीला एका टोकाला लाकडी गुल्ली असते, दुसऱ्याला नुसता फास. गुल्ली नेहमी केशरी बाजूला. गाठोडं बांधून झाल्यावरही बोटांनी गुल्ली चाचपून बघण्याची तुमची सवय, तिच्यामुळे किती शाळांची लाज राखली गेली असेल ते मोजता येणार नाही.

ऑगस्ट म्हणजे पाऊस. सुती दोरी भिजली की फुगते आणि आखूड होते. आदल्या संध्याकाळी ताणून बांधलेली दोरी रात्रीच्या सरीनंतर सकाळी काठीला तारेसारखी घट्ट मिळते, म्हणून हातभर ढील ठेवायची. नायलॉनची फुगत नाही, पण गुळगुळीत असल्याने सुरगाठ वाऱ्यानेही निसटते. तिथे एक वेढा जास्त. कापडाचंही तसंच. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून ध्वजसंहितेत पॉलिस्टरचा झेंडा चालतो. तो पाणी कमी धरतो, पण त्याची घडी सटकते. खादीची घडी बसली की बसली. वीस फुटी काठीला दोरी चाळीस फूट अधिक बांधायला चार-पाच फूट, हा हिशेब न करता आणलेली दोरी दरवर्षी कुठे ना कुठे तोकडी पडतेच.

झेंड्याच्या घडीत घालायच्या पाकळ्यांना संहितेची हरकत नाही. मात्र त्या कोरड्या हव्यात, देठ काढलेल्या, आणि तीन फूट बाय दोन फुटांच्या झेंड्याला मूठभरच. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटून वरच राहतात, शिवाय ओला झेंडू पांढऱ्या पट्ट्यावर पिवळा डाग सोडतो. ओंजळभर भरण्याचा आग्रह करणाऱ्यांना तुम्ही गप्प मान डोलावून मूठभरच भरता, तेही बरंच.

फक्कीच्या रेषा, सुतळीच्या पताका, खळीत मोरचूद घालणं, त्याबद्दल वेगळं काय लिहायचं! एवढंच की पावसाचा अंदाज बघून फक्की पहाटे मारायची हे शहाणपण कुठल्याच परिपत्रकात नसतं. परिपत्रकात असतं ते वेळेचं: सकाळी ८.३५ ते ९.३५ मुख्य शासकीय समारंभासाठी मोकळं ठेवायचं. म्हणजे शाळेचा झेंडा त्याआधी, म्हणजे तुम्ही साडेपाचला मैदानात.

खाऊ वाटला की नवाच्या आत शाळा रिकामी होते. आम्हाला सुट्टी, तुम्हाला नाही. सूर्योदय ते सूर्यास्त हा नियम होता. जुलै २०२२ मध्ये रात्रीही झेंडा फडकत ठेवायची मुभा आली, तरी अनेक शाळांत तो संध्याकाळीच उतरतो. चढवायचा झपझप, उतरवायचा सावकाश. रिकाम्या मैदानात, बघायला कोणी नसताना तो सावकाश उतरवणं, हे आम्ही कुणीच पाहिलेलं नाही. भिजला असेल तर घडी घालायची नाही, पंख्याखाली टेबलावर पसरून ठेवायचा, नाहीतर खादीवर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. वाळला की केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, चक्र वर दिसेल अशी घडी. मग कपाट, आणि किल्ली तुमच्या कमरेला.

आता पुढची वेळ २६ जानेवारीची. त्याआधी दोन-तीन दिवस कप्पीला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब लागतील आणि जास्तीचं पुसून घ्यावं लागेल, नाहीतर ते दोरीवरून थेट झेंड्यावर उतरतं. शिडी धरायला खाली माणूस लागतो. या वेळी हाक मारा, आम्ही येतो.

तुमचे,
शाळेचे माजी विद्यार्थी