यातलं निम्मं तू विणलंस

नायगाव, मुंबई
९ नोव्हेंबर

प्रिय शंकर,

सप्रेम जय भीम.

गणपतीपासून लिहीन लिहीन म्हणतोय, राहून जातं. फोन होतो आपला, पण फोनवर तू पाऊस आणि उसाचा भाव सोडून बोलत नाहीस, आणि आज जे सांगायचंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही. तब्येत बरी. साखर गोळीवर आहे, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा पुढच्या वर्षी. तुझी वहिनी ठीक. झालं तब्येतीचं.

सुजाताला मुलगी झाली हे तुला कळलंच आहे. इतक्या वर्षांनी झाली, त्यामुळे दोन्ही घरं नुसती तिच्याभोवती फिरताहेत. नामकरण पुढच्या महिन्यात. परवा मी तिच्याकडे कांजूरमार्गला गेलो होतो, सोबत शिवणाची पिशवी. बाळासाठी दुपटं करायला घेतलंय. तुला माहीतच आहे, वहिनीची बोटं आखडल्यापासून तिचं मशीन माझ्याकडे आलंय. आधी पिशव्या, मग उशांचे अभ्रे, आता गोधड्या. ब्याऐंशीच्या गिरणी संपानंतर तिने याच मशीनवर ब्लाऊज आणि फॉल-बिडिंग करून घर चालवलं. तेव्हा मी नुसता दोरे उचलायचो. आता शेजारी बसून सांगते, ‘धावदोरा सरळ घाला, टाके मोठे पडताहेत.’ तिचं बरोबर असतं. लहान मुलाच्या पायाची बोटं मोठ्या टाक्यात अडकतात.

तर तिथे खिडकीपाशी बसलो होतो. सुईत दोरा जाईना. दोऱ्याचं टोक तोंडात घेतलं, ओलं केलं, पुन्हा धरलं, तरी फाटे फुटलेले. विहीणबाई समोर मेथी निवडत होत्या. साताऱ्याच्याच, तुझ्या गावाच्या नदीपलीकडच्या. मेथी बाजूला केली, माझ्या हातातून सुई-दोरा घेतला, तेच टोक स्वतःच्या तोंडात घातलं, दाताने फाटा तोडला, ओठांनी वळ दिला आणि एका फटक्यात ओवून माझ्या हातात दिला. बोलणं एकदाही थांबलं नाही. डिंकाच्या लाडवात खारीक किती घालायची ते सांगत होत्या मला.

खोलीत कुणाला काही दिसलं नाही. सुजाता बाळाला पाजत होती, जावई मोबाईलमध्ये. मी तसाच बसून राहिलो. शंकर, तिथे तू हवा होतास रे.

आमच्या आजोबांचं तुला काय सांगायचं. उभा जन्म कताई खात्यात गेला. साचे खात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त, पण दारातून आत पाऊल नाही, कारण आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी बदलली की त्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढायचा, आणि आम्ही अस्पृश्यांनी ओढलेला धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार. १९२८ च्या संपात बाबासाहेब याच मुद्द्यावर संप समितीसमोर अडून बसले होते, हे आजोबा आल्यागेल्याला सांगायचे. तुलाही सांगितलंय, शेंगा खात खात, आणि तू प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलंस. मी साचे खात्यात लागलो तोवर तो नियम कागदावर तरी उठला होता. पण माझ्या पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या साच्यावरच्या त्या म्हाताऱ्याने माझा धोटा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला, तेव्हा तू काय केलंस ते मी विसरलेलो नाही. तू म्हणतोस, ‘मी काय केलं, एक धागा ओढला.’ होय, एक धागाच ओढलास.

म्हणून विहीणबाईंची गोष्ट तुला सांगतोय. घरी कुणाला सांगितली नाही. सुजाताला सांगावी का, तेही कळत नाही. तिला हसू येईल, ‘बाबा, सुईच तर ओवली’ म्हणेल. आणि ते हसू मला हवंच आहे एका परीने.

आता खरा पेच सांगतो, ज्यासाठी हा कागद घेतला.

आपलं मांजरपाट. ट्रंकेतलं. चाळ रिकामी करायला निघालो तेव्हा सगळ्यात आधी तेच काढून बाजूला ठेवलं. आजही कोरंच आहे, एकदाही धुतलेलं नाही. टोकाला माझ्या साच्याचा नंबर काळ्या शाईत अजून वाचता येतो, आणि मधोमध तो आडवा पट्टा, जिथे धागे आधी विरळ आणि मग एकदम दाट पडलेत. परवा उजेडात धरून पाहिलं. बोट फिरवलं तरी लागतो हाताला. आजोबा गेल्याचा निरोप आला तेव्हा साचा थांबवून मी धावलो, तो हा पट्टा. पट्ट्याच्या अलीकडचं मी विणलेलं. पलीकडचं तू. जॉबरच्या हातापाया पडून तू चार साचे एकट्याने सांभाळलेस, माझा दिवस भरून काढलास. घडी खात्यात तेवढा तुकडा दोषाचा म्हणून कापला, फेंट म्हणून मिलच्या दुकानात आला आणि आपण दोघांनी मिळून घेतला. इथवर तुझं-माझं भांडण नाही.

भांडण तुझ्या सदऱ्याचं आहे आणि ते मी आजही सोडणार नाही. तुझ्या वाट्याच्या कापडाचा तू सदरा शिवलास, पहिल्या धुण्यात तो बेंबीवर आला, आणि खात्याभर सांगत सुटलास की माझ्या साच्याचं कापडच खोटं. अरे, तू स्वतः साचेवाला! उभा धागा साच्यावर ताणलेला असतो, पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि कापड लांबीत मागे येतं. आडव्याला तेवढा ताण नसतो म्हणून रुंदीत कमी येतं. कोरं कापड रात्रभर भिजवून, वाळवून मग कात्री लावायची हे लालबागच्या त्या शिंप्याला ठाऊक नसेल, तुला ठाऊक असायला हवं होतं. शिवाय बेंबीवर जो आला तो भाग पट्ट्याच्या पलीकडचा होता. म्हणजे तूच विणलेला.

तर आता पेच असा. दुपट्याला वरचा थर विहीणबाईंनी दिलाय, त्यांच्या आईचं जुनं सुती लुगडं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालंय की मुठीत धरलं तर कळत नाही. खाली अंगाला लागायला मलमल, ती मंगलदास मार्केटमधून आणली. मधल्या थराला मला आपलं मांजरपाट घालायचंय. पण दुपटं ते केवढं, जेमतेम वारभर चौरस. आपलं कापड त्याच्या अडीचपट लांब. घडी घालून आत टाकलं तर दुपटं जाड होईल, बाळाला उकडेल, धुतल्यावर वाळणार नाही. म्हणजे कापावं लागणार. आणि कात्री घेऊन बसलो की हात पुढे जात नाही.

मुलगा म्हणतो, ‘फ्रेम करून लावा, नाहीतर म्युझियमला द्या.’ त्याचा हेतू चांगला आहे. पण काचेमागे गिरण्यांच्या आठवणी ठेवण्याचा मला कंटाळा आलाय, शंकर. लोअर परळला फिनिक्सच्या जागी मॉल झाला, तिथली चिमणी लोक फोटोत घेतात. कापड अंगाला लागण्यासाठी विणलं होतं आपण. वहिनी म्हणते, ‘कापू नका, अख्ख्या कापडाची मोठी गोधडी करा, पोर पाच वर्षांची झाली की घेईल पांघरायला.’ हे बोलणं मला दोन दिवस पटलं होतं. पण ट्रंकेत ते आणखी पाच वर्षं टिकेल का? घडीवर पिवळं पडायला लागलंय, आणि कापड जातं ते आधी घडीवरच. वर कांजी अजून आत आहे, म्हणजे कसर लागायला आमंत्रणच. कडूनिंबाचा पाला घालत आलो, पण संक्रमण शिबिरातल्या त्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते.

आणि दुसरंही आहे. मधल्या थरात गेलं की ते कुणालाच दिसणार नाही. आधी मला हे खुपलं. मग वाटलं, वर लुगडं, खाली मलमल आणि मध्ये हे, तर ऊब धरणारा थर हाच. दिसायची गरज काय. पुन्हा रात्री वाटलं, दिसायला हवं. आजोबांना ज्या खात्याच्या दारातून परत फिरवलं, त्या खात्यातलं कापड खापरपणतीच्या अंगावर आहे हे निदान तिच्या आईला तरी दिसावं. असं माझं आठवडाभर चाललंय. वहिनी म्हणते, संपाच्या वेळी एवढा विचार केला नव्हतात. तेव्हा विचार करायला डॉक्टर सामंत होते, असं मी म्हटलं, तर चहाचा कप आपटून आत गेली. १८ जानेवारीचा, संप सुरू झाला त्या दिवसाचा, विषय या घरात अजून जपून काढावा लागतो.

शेवटी मी असं ठरवत आणलंय. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, कांजी सुटेपर्यंत पाणी बदलायचं, सावलीत वाळवायचं. हे केलंच पाहिजे, नाहीतर शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात मधला थर आखडेल आणि वरचं लुगडं चुण्या पडून फुगेल. तुझा सदरा आठव. मग काटकोन धरण्यासाठी एक आडवा धागा ओढून काढायचा आणि त्या रेघेवर कापायचं. कापायचं ते असं की पट्टा बरोबर मध्ये यावा. अलीकडे माझं दोन वीत, पलीकडे तुझं दोन वीत, थोडं जास्तच. साच्याच्या नंबराचं टोक वेगळं काढून दुपट्याच्या एका कोपऱ्यावर बाहेरून लावायचं, त्रिकोणी. एवढं दिसेल. बाकी आत. दोरा सुतीच घालणार. जुन्या लुगड्याला पॉलिएस्टरचा दोरा घातला तर ओढ बसल्यावर दोरा तुटत नाही, कापड फाटतं. कडेपासून सुरू करून आत आत फिरत जायचं, म्हणजे थर सरकत नाहीत. हे हातानेच करणार, मशीनवर नाही. हाताच्या टाक्याने दुपटं लवचीक राहतं.

उरलेल्या कापडाची एक कुंची होईल, तीही थोडी जाडसरच. आणखी काही उरलं तर तुझ्याकडे पाठवतो.

पण निम्मं तुझं आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय कात्री लावणार नाही. ‘तुला वाटेल ते कर’ असं लिहू नकोस. तू असं लिहिलंस की त्याचा अर्थ ‘नको’ असतो हे मला १९८२ पासून माहीत आहे. स्पष्ट लिही. नको असेल तर तसंही लिही, मी लुगडं आणि मलमल यांच्यामध्ये दुसरं जुनं धोतर घालीन, आणि आपलं कापड वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे मोठ्या गोधडीला ठेवीन. मला राग येणार नाही. वाईट वाटेल.

तुझं काय चाललंय? गिरणी कामगारांच्या घराच्या फॉर्मचं काही कळलं का? १ जानेवारी १९८२ ला पटावर होतास याचा कागद लागेल, हजेरीकार्ड सापडलं का पुन्हा एकदा माळ्यावर बघ. माझ्याकडे तिकीट नंबरची एक झेरॉक्स आहे, तीत तुझंही नाव आहे, हवी तर पाठवतो. तुझ्याकडच्या वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? ठरलं तर मुंबईलाच करा, आमच्याकडे उतरा, जागा कमी आहे पण आहे. धाकट्याच्या नोकरीचं विचारायचं राहूनच जातं दर वेळी. लिही.

नामकरणाला मात्र ये. विहीणबाईंना मी सांगून ठेवलंय की तुमच्या नदीपलीकडचा एक माणूस येणार आहे. त्यांनी तुझं घर कोणतं ते लगेच विचारलं, आणि तुझ्या चुलत्याचं नाव सांगितल्यावर ‘अगंबाई, ते होय’ असं म्हणाल्या. कोणत्या अर्थाने म्हणाल्या ते तू आलास की पाहू.

सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

तुझा
विश्वनाथ

ता. क. तो सदरा अजून असेल तर टाकू नकोस. दुपट्याच्या कडेला पट्टी लागणार आहे, त्याच कापडाची मिळाली तर फार बरं. बाह्यांमधून निघेल. फार न विरलेला असेल तर दोन्ही बाह्या उसवून पाकिटात घाल, आणि उत्तराबरोबरच पाठव.