ओटा बदलताय तर आधी आईचं कोपर मोजा

प्रिय आई, बाबा,

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. बाबा, तुम्ही सहज बोलून गेलात, "आता आम्हाला असा किती वर्षं वापरायचाय ओटा, टाकू काहीतरी स्वस्तातलं." आणि मागून आईचा आवाज, की जुनाच काय वाईट होता. तेव्हा फोनवर मला काही सुचलं नाही म्हणून आता लिहितेय. स्वस्तातलं घ्या, माझं काहीच म्हणणं नाही, तुमचं बजेट ठरलेलं आहे आणि त्यात माझे पैसे नकोत हे तुम्ही दहा वेळा सांगितलंय. पण "काहीतरी" नको. आई दिवसाचे तीन चार तास तिथे उभी असते.

मागच्या वेळी आले होते तेव्हा मी मागे खुर्चीवर बसले होते आणि आई मोठ्या पातेल्यात ढवळत होती. डावा हात ओट्याच्या कडेवर, उजवा खांदा पार कानापर्यंत उचललेला, आणि पायाखाली पाट. तो पाट ओट्याखालीच असतो, पायाने ओढायचा, चढायचं, ढवळायचं, उतरायचं, पायानेच परत आत सारायचा. आई, तुला इतकी सवय झालीये की तुझं लक्षही नसतं. तासाभरात पाच सहा वेळा तरी चढउतार झाली असेल आणि फरशी ओली होती. आणि ओट्याच्या कडेला तो घडी घातलेला टॉवेल, कारण दगडाचा उतार पुढच्या बाजूला आहे, पाणी थेट पोटावर येतं. इतकी वर्षं तू टॉवेल बदलत राहिलीस. एवढं सगळं बघून मी तेव्हा काहीच बोलले नाही याचं आता वाईट वाटतंय.

तर मुद्दा हा की दगड कुठला घ्यायचा हे नंतर. आधी उंची. दगड पुढे कधीही घासून पॉलिश करता येतो पण उंची बदलायची संधी फक्त ओटा उखडलेला असतानाच मिळते, एकदा बसला की पुढची वीस वर्षं तीच.

सगळे ओटे साधारण 34 ते 36 इंचावर बांधतात. ते मध्यम उंचीच्या माणसाला बरोबर. आई 4 फूट 10 इंच. काम करायची जागा कोपराच्या 4 ते 6 इंच खाली असावी असं धरतात, म्हणजे चिरताना मळताना खांदे उचलावे लागत नाहीत. आईच्या उंचीला कोपर साधारण 36 इंचावर येणार, म्हणजे तिचा ओटा 31-32 इंचावर हवा, आणि तो आत्ता आहे जवळपास कोपराच्याच उंचीला! त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. पाट लागणारच.

आता बाबा तुम्ही म्हणाल की मग मी भांडी घासताना वाकायचं का. नाही. सिंकचं गणित उलटं आहे, तिथे हात सिंकच्या तळाशी जातात आणि तळ ओट्याच्या 7-8 इंच खाली असतो, त्यामुळे सिंकजवळचा भाग उंचच चांगला. भांडी तुम्ही घासता, तुमची कंबर दुखते, तर तो भाग आहे तसाच 36 इंचावर राहू दे. म्हणजे दोन उंचीचा ओटा, सिंककडचा 4 फुटांचा भाग वर आणि शेगडीकडचा 6 फुटांचा भाग त्यापेक्षा 4 इंचांनी खाली.

आणि यातच पैसे वाचतात बरं का. अखंड 10 फुटांचा एक तुकडा हवा असेल तर मोठी स्लॅब घ्यावी लागते, कापून उरलेल्याचे पैसेही आपल्याच बिलात. पण 4 फूट आणि 6 फूट असे दोन वेगळे तुकडे चालणार असतील तर दगडवाल्याकडे दुसऱ्यांच्या कामातून उरलेले तुकडे पडलेले असतात, ते खूप कमी भावात निघतात कारण त्याची जागा अडलेली असते. दोन्ही तुकडे एकाच रंगाचे मिळाले नाहीत तरी बिघडत नाही, पातळीच वेगळी आहे त्यामुळे रंग वेगळा असणं मुद्दाम केल्यासारखं दिसतं. शिवाय वजन. 20 एमएम ग्रॅनाइट एका चौरस मीटरला साधारण 54 किलो भरतो, म्हणजे आपला पूर्ण ओटा 100 किलोच्या आसपास, आणि अखंड तुकडा जिन्यावरून वळवताना तडकायची भीती असते, विशेषतः सिंकसाठी भोक पाडलेलं असेल तर, कारण तिथे पुढे मागे जेमतेम दोन तीन इंचांची पट्टी उरते.

एक तोटा आहे तो पण सांगते. भरलेलं पातेलं शेगडीवरून सिंककडे सरकवत नेता येणार नाही, 4 इंच उचलावं लागेल. पण जड भांडी तशीही बाबाच उचलतात ना आता. आणि पाटावर चढून ढवळण्यापेक्षा हे कधीही परवडलं.

आता दगड. आपला जुना कडप्पा आहे, तो चुनखडीच्या जातीचा, त्यामुळे आंबट काहीही सांडलं की तिथली चमक जाते. आई ज्यांना डाग म्हणून घासत बसते ना, ते पांढरट गोल, ते डाग नाहीतच, तिथे दगडाचा वरचा थर आंबटाने खाल्लाय. कितीही घासलं तरी जाणार नाहीत, उगाच हात दुखवून घेऊ नकोस. मार्बलचं पण हेच, दिसायला सुंदर पण शेगडीजवळ मार्बल नको म्हणजे नको.

माझ्या मते तुम्हाला ग्रॅनाइटच बरा, साधा गडद रंगाचा, उरलेल्या तुकड्यांतला. गरम भांडं थेट ठेवलं तरी काही होत नाही, सुरीने चरा पडत नाही. फक्त तुकडा निवडताना त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून 10-15 मिनिटं थांबा, बाबा तुम्हाला तसंही घाई नसते. पुसल्यावर खाली गडद डाग दिसला तर तो दगड पाणी पितो, म्हणजे तेलही पिणार, मग त्याला सीलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रं बुजवणारं द्रव, लावावा लागेल आणि पुढे अधूनमधून परत लावत राहावा लागेल. डाग दिसला नाही तर उत्तम. आणि लिंबाचा रस पण एका कोपऱ्यात लावून बघा, कारण ग्रॅनाइट म्हणून कधी कधी वेगळाच दगड गळ्यात मारतात, खऱ्या ग्रॅनाइटची चमक त्याने जात नाही. तुकडा उजेडात तिरका बघायचा आणि वरून नख फिरवायचं, बारीक भेग असेल तर नखाला लागते.

क्वार्ट्झ नको असं मी म्हणतेय ते फक्त महाग म्हणून नाही. तो दगडाच्या चुऱ्यात रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ, मिसळून बनवतात, 90 टक्क्यांच्या वर चुरा आणि बाकी रेझिन. पाणी पीत नाही, डाग पडत नाहीत, हे सगळं खरं, पण रेझिनला उष्णता सोसत नाही, साधारण 150 डिग्री सेल्सियसच्या पुढे रंग बदलतो किंवा तडा जातो, आणि आईला उतरवलेलं भांडं थेट ओट्यावर टेकवायची सवय आहे, ती सवय आता या वयात कशाला मोडायची. दुसरं म्हणजे ते कापताना सिलिकाची जी बारीक धूळ उडते ती कामगारांच्या फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस हा आजार होतो, इतक्या तरुण मुलांना झाला की ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असा दगड वापरायलाच बंदी घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतेच, कमी असते पण असते. म्हणून बाबा, सिंकचं भोक, कडांची घासाई, सगळं दगडवाल्याच्या जागेवर पाणी सोडून करून घ्या. घरात आणून कोरडं ग्राइंडर फिरवायला अजिबात परवानगी देऊ नका. तुमचा खोकला अजून पूर्ण गेलेला नाही आणि त्या कामगाराच्या छातीचाही प्रश्न आहेच की.

सगळ्यात स्वस्त सनमायका लावलेला टॉप, ते तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. बाबा तुम्हाला यातली एक गोष्ट आवडेल, हे लॅमिनेट मुळात स्वयंपाकघरासाठी नव्हतंच, विजेच्या सामानात मायका म्हणजे अभ्रक वापरायचे, त्याला पर्याय म्हणून 1913 च्या सुमारास निघालं आणि फॉर्मायका हे त्याच्या ब्रँडचं नावही त्यावरूनच पडलं, "फॉर मायका". कागदाचे थर रेझिनमध्ये बुडवून दाबलेले असतात. वरून पाणी पडलं तर काही होत नाही. पण माझ्याकडे काय झालं ते ऐका, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आमच्या सिंकच्या कडेला सिलिकॉन नीट भरलंच नव्हतं ज्याने बसवलं त्याने, केसाएवढी फट राहिली. सहा महिन्यांत तिथे एक फुगवटा आला, आधी वाटलं सनमायका सुटलाय, दाबून बघितलं तर बोट आत गेलं. खालचा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता, नखाने भुगा निघत होता आणि त्याला कुबट वास. एका फटीपायी पूर्ण टॉप बदलावा लागला. म्हणून सिंककडे सनमायका नको. अगदीच पैसे कमी पडले तर जिथे फक्त डबे आणि मिक्सर ठेवायचा त्या बाजूच्या कपाटावर लावा, तिथे तो वर्षानुवर्षं टिकेल.

स्टील, टाइल्स वगैरेवर मी जास्त लिहीत नाही. टाइल्सच्या फटी साफ करत बसायला लागतं आणि स्टीलवर भांडं आपटलं की आवाज, तुम्हाला दोघांना दुपारची झोप प्यारी.

पैसे वाचवायचे तर अशा ठिकाणी वाचवा: कड साधी सरळ ठेवा, दोन दगड चिकटवून जाड केलेली डिझाइनची कड नको, फक्त टोकं आणि धार गोल करून घ्या म्हणजे धडकलं तरी लागत नाही. सिंक वरून बसणारा घ्या, खालून लावायच्या सिंकला भोकाची आतली कडही पॉलिश करावी लागते, त्याचे वेगळे पैसे. जुना सिंक चांगला असेल तर तोच. नळाची जागा हलवू नका, प्लंबिंगचा खर्च उगाच वाढून बसतो. आणि भाव विचारताना चौरस फुटाचा आहे की रनिंग फुटाचा, म्हणजे नुसत्या लांबीचा, हे आधी विचारा, आपला ओटा 10 फूट लांब आणि 2 फूट रुंद म्हणजे 20 चौरस फूट, त्यात भोक, कड, पॉलिश, वाहतूक, बसवणं काय काय धरलंय ते कागदावर लिहून घ्या.

पण दोन गोष्टींत काटकसर करू नका प्लीज. एक, उतार. उतार सिंककडे हवा, पुढे नाही, आणि पुढच्या कडेच्या खालून एक बारीक खाच मारून घ्यायची म्हणजे ओघळणारं पाणी कपाटाकडे न वळता तिथेच तुटून खाली पडतं. मिस्त्री म्हणेल गरज नाही. ऐकू नका. बसवल्यावर एक पेला पाणी ओतून बघा, ते पुढे आलं तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या, सिमेंट सुकल्यावर कोणी येत नाही. शेगडीचा भाग खाली आहे त्यामुळे वरच्या भागाच्या त्या टोकाला अर्धा इंच उंच पट्टी पण लागेल, नाहीतर सिंकचं पाणी शेगडीखाली. दुसरी गोष्ट, फिनिश. चकचकीत नको. आईच्या डोळ्यांना ट्यूबचा उजेड ओट्यावरून चमकतो, मग तिला पाणी सांडलेलं दिसत नाही. मॅट किंवा लेदर (चामड्यासारखा किंचित खडबडीत) फिनिशचा तुकडा मिळाला तर तो घ्या, त्यासाठी थोडे जास्त गेले तरी जाऊ देत.

आई, तू आता म्हणशील एवढ्याशा ओट्यासाठी किती लिहिलंय हिने. पण तू सगळ्यांच्या उंचीचं सगळं बघितलंस, माझं अभ्यासाचं टेबल मी वाढले तसं तू दोनदा सुताराकडून उंच करून घेतलंस, मला आठवतंय. तुझा ओटा मात्र कधीच तुझ्या मापाचा नव्हता. आणि बाबा, किती वर्षं वापरायचाय हे कोणाला माहिती, पण उद्या सकाळी तर वापरायचाच आहे ना.

जुना ओटा फोडायच्या आधी एवढं करा. आईला भिंतीला पाठ लावून सरळ उभं करा, खांदे सैल, हात कोपरात काटकोनात, आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या हाडापर्यंत टेपने मोजा. दोनदा मोजा आणि टेप दिसेल असा फोटो मला पाठवा. ती स्वयंपाकघरात चप्पल घालूनच वावरते, तर माप चपलेसकट घ्या.

तुमची लेक