माइक घेण्याआधी खोली पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पॉडकास्ट सुरू करणाऱ्यांसाठी साधनांची यादी आली होती. त्यात पहिला मान ब्ल्यू यती या माइकला दिला आहे आणि 'घरबसल्या स्टुडिओचा आवाज' असं त्याचं वर्णन केलं आहे. मी ठाण्यात व्याख्यानमाला, प्रकट मुलाखती आणि गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांना साउंड देतो. कॉलेजची मुलं माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात : "काका, यती घेऊ की सॅमसनचा क्यू२यू?" रेकॉर्डिंग घरीच होणार असेल, तर मी क्यू२यू सांगतो. का, ते आपल्या वाचकांनाही कळावं म्हणून हे पत्र.

यती वाईट माइक अजिबात नाही. २००९ साली तो बाजारात आला, यूएसबीने थेट कॉम्प्युटरला जोडता येतो, आवाज कुठल्या बाजूने घ्यायचा याचे चार पर्याय त्यात आहेत. पण तो कंडेन्सर जातीचा माइक आहे. आवाजाने थरथरणारा त्याचा पडदा इतका पातळ आणि हलका असतो, की खोलीतली बारीकशी हालचालही त्याला जाणवते. गाद्या लावून बंद केलेल्या शांत खोलीत हा त्याचा मोठा गुण. आपल्या घरात मात्र खाली गुळगुळीत लादी, वर पीओपी, खिडकीला सरकत्या काचा आणि डोक्यावर पंखा असतो. तिथे हाच माइक सगळ्या घराचं रेकॉर्डिंग करतो.

राबोडीजवळच्या एका सोसायटीत एक मुलगी आजीच्या आठवणी रेकॉर्ड करत होती. यती टीपॉयवर, आजी सोफ्यावर टेकून बसलेल्या. हेडफोन लावला तर आधी पंखा, मग शेजारच्या कुकरची शिट्टी, मग खालून भंगारवाल्याची आरोळी, आणि या सगळ्याच्या मागून कुठून तरी आजी. आवाज भिंतीवर आपटून घुमत होता, तो वेगळाच. मी माझा क्यू२यू स्टँडवर लावला, आजींच्या तोंडापासून चार बोटांवर आणला, किंचित तिरका केला, त्याची पाठ खिडकीकडे केली आणि गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, उतरवला. पंखा पुसट झाला. आजी 'तळ्यावर' म्हणाल्या तेव्हा त्यातला 'ळ' स्पष्ट, गोल असा कानात आला. नातीने हेडफोन काढलाच नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण दुकानदारही ती चुकीची सांगतात. क्यू२यू हा डायनॅमिक जातीचा माइक आहे, पण 'डायनॅमिक माइक गोंगाट कापतो' हे अर्धसत्य आहे. डायनॅमिकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं आणि ते चुंबकापुढे हलतं. त्यामुळे त्याचा पडदा जड असतो, माइकची संवेदनशीलता कमी असते आणि तो तोंडाजवळ धरावाच लागतो. खरं काम करतं ते हे अंतर. माइक आणि तोंड यांमधलं अंतर निम्मं केलं की बोलण्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पंखा मात्र होता तेवढाच राहतो. तोच क्यू२यू दोन फुटांवर ठेवून गेन चढवला तर कुकर त्यातही येणार. ज्यांनी यती आधीच घेतला आहे त्यांनी तो विकू नये. पॅटर्न कार्डिऑइडवर, म्हणजे मुख्यतः समोरून आवाज घेणाऱ्या पर्यायावर ठेवावा, माइक जवळ ओढावा, गेन कमी करावा आणि माइकच्या टोकावर न बोलता त्याच्या समोरच्या बाजूने बोलावं. टोकावर बोलणारे मला फार भेटतात.

जवळ बोलताना 'फ' आणि 'भ' फुटतात. मराठीत ही अक्षरं पावलोपावली येतात, म्हणून स्पंजची टोपी घालावी आणि माइक ओठांच्या अगदी समोर न धरता कोपऱ्यावरून धरावा.

क्यू२यूचा आणखी एक फायदा म्हणजे त्याला यूएसबी आणि एक्सएलआर (स्टेजवरच्या माइकची तीन पिनांची जोडणी) दोन्ही आहे. आज एकटं बोलायचं तर यूएसबी पुरतं. उद्या मुलाखत घ्यायची झाली तर तसाच दुसरा माइक आणून दोन्ही एक्सएलआरने इंटरफेसवर, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवर घेता येतात आणि दोघांचे ट्रॅक वेगळे मिळतात. एकाच कॉम्प्युटरवर दोन यूएसबी माइक चालवण्याचा खटाटोप करू नये, दोन्हींचा मेळ हळूहळू सुटत जातो. व्हिडिओंमध्ये दिसणारा शुअरचा एसएम७बी मुलांना हवाच असतो. माइक उत्तम, पण त्याला जवळपास ६० डेसिबल गेन लागतो आणि स्वस्त इंटरफेसवर तेवढा चढवला की मागे सूं ऐकू येतं.

आपल्याला विनंती अशी, की साधनांवर लिहिताना आधी वाचकाच्या खोलीबद्दल लिहावं. सतरंजी अंथरा, कपड्यांचं कपाट उघडून त्यासमोर बसा, वीस मिनिटं पंखा बंद ठेवा. यात एक रुपया जात नाही. दोन माइकांची तुलना करायची तर एकाच खोलीत, एकच उतारा वाचून आणि दोन्हींची पातळी सारखी करूनच करावी, कारण जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो.

दुकानात माइक सीलबंद खोक्यात असतो, ऐकायला मिळत नाही. मुलं नावावर पैसे घालवतात. १८९३ पासून वाचकांना पुस्तकं देणाऱ्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने किंवा ठाण्यातल्या कुठल्याही वाचनालयाने महिन्यातून एका सकाळी एक खोली दिली, तर दोन्ही माइक, स्टँड आणि हेडफोन घेऊन मी विनामूल्य येईन. मुलांनी आपल्याच आवाजात दोन्ही ऐकावेत आणि मग खरेदीला जावं. एखादं वाचनालय तयार असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं.

आपला,
एक साउंडवाला वाचक
चरई, ठाणे (प.)