गावरान अंडे: रंग नको, खुणा पाहा

महोदय,

तपकिरी कवच म्हणजे गावरान अंडे नव्हे. रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. पिंजऱ्यातली कोंबडीही तपकिरी अंडी घालते. कोंबडी पिंजऱ्यातली होती का, याची खरी तपासणी अंडे न फोडता होते, ब्रिटनमध्ये ती वापरली गेली आहे. अंडे पडते तेव्हा कवचावरचा पातळ थर ओला असतो. पिंजऱ्याच्या तळाच्या जाळीवरून घरंगळताना त्यावर तारांच्या समांतर रेघा उमटतात. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली अंडे सावकाश फिरवले की त्या दिसतात. धुतल्यावर मात्र त्या पुसट होऊ शकतात. म्हणून एका अंड्यावरून निकाल देऊ नये, अख्खा ट्रे पाहावा. रेघा नसल्या तरी कोंबडी मोकळी होती असे सिद्ध होत नाही. 'गावरान' म्हणून चढ्या दराने विकल्या जाणाऱ्या अंड्यांवर अन्न व औषध प्रशासनाने हा दिवा धरावाच.

— एक कुक्कुटपालन अभ्यासक