शनिवारचा सिनेमा : ‘वाँटेड: डेड ऑर अलाइव्ह’

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता, नेहमीच्या हॉलमध्ये हा अमेरिकन ॲक्शनपट दाखवणार आहोत. जानेवारी १९८७ मध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक गॅरी शर्मन.

रुटगर हाउअर यात निक रँडल आहे. एकेकाळचा सीआयएचा माणूस, आता फरारी गुन्हेगार पकडून देऊन बक्षिसाच्या रकमेवर जगणारा. लॉस एंजेलिसमध्ये स्फोट घडवणाऱ्या मलक अल रहीम या दहशतवाद्यामागे तो लागतो. मलक साकारलाय ‘किस’ या रॉक बँडच्या जीन सिमन्सने! स्टीव्ह मॅक्वीनची याच नावाची वेस्टर्न मालिका (१९५८ ते १९६१) ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो, निक हा त्यातल्या जॉश रँडलचाच वंशज दाखवलाय. हाउअरचा संयत अभिनय मोठ्या पडद्यावर बघण्यासारखा आहे, चुकवू नका.

कृपया लक्षात घ्या :

• हिंसा बरीच आहे, एका चित्रपटगृहातला बॉम्बस्फोटही आहे. १८ वर्षांखालील मुलांना आणू नये.
• सिनेमा सुरू झाल्यावर दार बंद होईल.
• सोबत पाहुणा आणायचा असल्यास गुरुवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवा, खुर्च्या मोजक्याच आहेत.
• ज्यांनी आधी पाहिलाय त्यांनी शेवट अजिबात फोडू नये, ही कळकळीची विनंती.

नंतर अर्धा तास चर्चा. त्या काळातल्या हॉलिवूडने अरब पात्रं किती एकसुरी रंगवली, यावर मोकळेपणी बोलायला हवं असं मला वाटतं. चहा असेल.