झाडे मोजली, त्यांवर चालणारा धंदा कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्यासाठी होणाऱ्या तिवरांच्या, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या कांदळवनाच्या, तोडीवरून जी चर्चा चालू आहे, तीत किती झाडे जाणार आणि त्यांच्या बदल्यात किती लावणार, हे दोनच आकडे पुन्हा पुन्हा वाचायला मिळतात. या झाडांवर किती कुटुंबांची चूल पेटते, हा तिसरा आकडा मात्र कोणी विचारतही नाही आणि सांगतही नाही.

मी तीस वर्षांहून अधिक काळ पूर्व उपनगरातील एका मराठी शाळेत भूगोल शिकवला. नैसर्गिक वनस्पती आणि मानवी व्यवसाय यांचा संबंध शिकवताना कॅनडा व रशियातील सूचिपर्णी वनांचे मऊ लाकूड आणि त्यावर उभा राहिलेला कागदाचा उद्योग, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील रबराचा चीक, गवताळ प्रदेशांतील पशुपालन ही उदाहरणे ठरलेली असत. त्याच वर्गात खाडीकाठच्या कोळी आणि आगरी घरांतली मुले बसलेली असत. त्यांच्या घरचा व्यवसाय हे या पाठाचे सर्वांत जवळचे उदाहरण होते, आणि ते फळ्यावर यायला मला फार वर्षे लागली, याची खंत आजही आहे.

हा संबंध नेमका कसा आहे, ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. तिवर, चिपी, कांदळ यांची पाने वर्षभर गळतात आणि भरती-ओहोटीच्या चिखलात कुजतात. त्या कुजलेल्या पाल्यावर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्यावर खेकडे, कोलंबीची पिल्ले व लहान मासे पोसले जातात. कोलंबीच्या अनेक जाती अंडी समुद्रात घालतात, पण त्यांची पिल्ले भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतात, मुळांच्या जाळीत मोठ्या माशांपासून बचावून वाढतात आणि मगच पुन्हा समुद्राकडे जातात. त्यामुळे ससून डॉकच्या बोटीत जी कोलंबी दिसते, तिच्यातलीही काही लहानपणी अशाच एखाद्या खाडीत वाढलेली असते. चिंबोरीची बिळे याच चिखलात असतात, निवट्या याच चिखलावर उड्या मारतात, आणि बोय व जिताडा हेही वाढीच्या काळात खाडीच्या आश्रयाला येतात. आगरी समाजाच्या खारजमिनीतल्या भातशेतीचे आणि मिठागरांचे बांधही खाडीच्या लाटांपासून याच झाडांच्या आडोशाने तगले.

पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, घेऊन गुडघाभर चिखलात उतरणाऱ्या माणसाची मासळी कोणत्याही मोठ्या बंदरावरच्या लिलावात येत नाही. ती टोपलीत पडते आणि त्याच दिवशी नाक्यावर वाटे लावून विकली जाते. आमच्या गल्लीत येणाऱ्या मावशी पूर्वी स्वतःच्या घरच्यांनी पकडलेल्या निवट्या, चिंबोऱ्या आणि खाडीची कोलंबी आणत. आता त्या पहाटे बंदरावर जाऊन घाऊक भावाने मासळी विकत घेतात आणि ती आमच्याकडे आणतात. टोपली तीच राहिली, पण तिच्यातला नफा आटला. हा बदल कुठल्याही प्रकल्प अहवालात नोंदलेला मी वाचलेला नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर नोंदवले आहे, आणि त्याआधीच्या काही वर्षांत ते वाढलेलेच दिसते. ठाणे खाडीतही गाळ साचून नव्या जागी तिवरे उगवली. तरी सांडपाणी, प्लास्टिक आणि तोच गाळ यांमुळे तेथील मासेमारी मात्र खंगत गेली. झाडांचे क्षेत्र वाढले म्हणजे त्यांच्यावरचा व्यवसाय वाचला, असे समीकरण मांडता येत नाही, ते याच कारणाने.

कायद्याने झाडांचा विचार केला आहे, हे खरे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली आणि सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांना न्यायालयाच्या परवानगीची अट ठेवली. त्याच वाटेने डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार तिवरे तोडण्यास परवानगी मिळाली. सागरी किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत रस्त्यांमुळे बाधित होणाऱ्या कांदळवनाच्या किमान तिप्पट क्षेत्रावर लागवड करण्याची तरतूद आहे. परंतु मालाडच्या खाडीतले तिवर तोडून दुसऱ्या किनाऱ्यावर तिप्पट लावले, तरी चारकोपच्या किंवा मालवणीच्या मच्छीमाराने तेथे जाऊन पाग टाकायचा काय? शिवाय लावलेल्या रोपाखालचा चिखल कोलंबीच्या पिल्लांना राहण्याजोगा व्हायला वर्षे जातात, आणि त्या वर्षांत त्या घराने काय खावे, याचे उत्तर लागवडीच्या आराखड्यात नसते.

डोंगरातल्या जंगलाबाबत आपण निदान तत्त्व तरी स्वीकारले आहे. जव्हार-मोखाड्याच्या वारली, ठाकर बायका पावसाच्या तोंडावर शेवळे आणि त्यांची खाज मारणारी काकडे, मागाहून टाकळा, कुरडू, कंटोळी घेऊन बाजारात बसतात; त्यांचा गौण वनोपजावरचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. त्याच कायद्यातील सामूहिक हक्कांत पाणवठ्यांतील मासळीचाही उल्लेख आहे. खाडीतले वन हेही वनच आहे, तेव्हा तेथे उपजीविकेचा प्रश्न वेगळ्या मापाने मोजण्याचे कारण दिसत नाही.

म्हणून माझी मागणी अशी की, कांदळवन तोडीच्या परवानगीसाठी अर्ज करतानाच संबंधित खाडीवर कोणती कुटुंबे कोणत्या हंगामात काय पकडतात आणि कुठे विकतात, याची नोंद मत्स्यव्यवसाय विभागाने स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना बरोबर घेऊन किमान एक संपूर्ण वर्ष करावी, कारण पावसाळ्यातली खाडी आणि उन्हाळ्यातली खाडी यांत फार फरक असतो. त्या नोंदीत मासळी विकणाऱ्या स्त्रियांचे उत्पन्न स्वतंत्रपणे दाखवावे. ज्याच्या नावावर होडी आहे तेवढाच मच्छीमार, असे धरले तर निम्मा व्यवसाय कागदाबाहेर राहील. आणि ही नोंद लागवडीच्या आराखड्याइतकीच बंधनकारक करून मराठीत, कोळीवाड्यांत वाचायला मिळेल अशा रीतीने, परवानगीपूर्वी प्रसिद्ध करावी.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
मुलुंड (पूर्व), मुंबई